रस्ता कुणाच्या छातीवरून जातो?

विकासाचा रस्ता चुकून वस्तीत शिरत नाही. त्याला पत्ता देऊन पाठवलेलं असतं.

साहेब लोक म्हणतात, इंजिनिअरने नकाशा पाहिला. जमीन स्वस्त कुठे, कोर्टकचेरी कमी कुठे, याचा हिशेब केला आणि रेघ मारली. यात जात कुठे आली? रंग कुठे आला? पट्टीला काय जात असते का?

पट्टीला जात नसते, कबूल. पण जमीन स्वस्त का झाली? कोर्टात जायला तिथल्या माणसाकडे पैसा का नव्हता? त्याच्या वस्तीत वकील का नाही, संपादक का नाही, मंत्र्याचा मेहुणा का राहत नाही? या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पट्टीच्या निर्मळपणाच्या गोष्टी सांगा. हजार वर्षांची घाण हिशेबात धरायची, तिला बाजारभाव म्हणायचं आणि वर म्हणायचं, आम्ही जात पाळत नाही! आपल्या गावाचा प्लॅनही असाच होता. वारा पश्चिमेकडून येतो म्हणून महारवाडा पूर्वेला. पाणी वरून खाली येतं म्हणून आपला पाणवठा खाली. ज्याने तो प्लॅन केला तोही म्हणाला असेल, मी फक्त वारा पाहिला.

मी गोदीतला हमाल आहे. टाउन प्लॅनिंगचं पुस्तक मी वाचलेलं नाही. पण ट्रकचा धूर कुणाच्या नाकात जातो हे कळायला पुस्तक लागत नाही. म्हणून आज एका दुसऱ्या बंदराची गोष्ट सांगतो. ती परकी नाही. तिच्यातून आपलं नाव आलेलं आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ही ब्लॅक पँथर १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन पोरांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात काढली. काळी जाकिटं, तिरक्या टोप्या, हातात बंदूक, हे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण त्यांच्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक लढा साध्या सिग्नलसाठी होता, हे किती जणांना माहीत आहे? ५५वा रस्ता आणि मार्केट स्ट्रीट यांच्या चौकात शाळेची पोरं गाड्यांखाली येत होती. नगरपालिका म्हणत होती, बघू. पँथर स्वतः रस्त्यात उभे राहून पोरांना पलीकडे नेऊ लागले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये सिग्नल लागला. क्रांती क्रांती म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. रस्ता हा पँथरचा विषय पहिल्या वर्षापासून आहे.

आता त्या शहराच्या पश्चिम भागात चला. वेस्ट ओकलंड. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला देशभरातून येणाऱ्या रेल्वेचं शेवटचं ठाणं. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत गोऱ्यांचे बिछाने घालणारे, बूट पुसणारे काळे पोर्टर इथे राहत. १९२५ साली त्यांनी स्वतःची युनियन काढली, आणि तिचा एक मोठा गड वेस्ट ओकलंडमध्ये होता. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधायला माणसं हवी होती म्हणून लुइझियाना, टेक्सासमधून काळी कुटुंबं पोटासाठी आली. कोकणातून, देशावरून आपली माणसं गिरणीत आणि गोदीत आली, तशीच. सेव्हन्थ स्ट्रीटवर त्यांची दुकानं, खानावळी, केशकर्तनालयं, गाण्याबजावण्याचे क्लब. श्रीमंती नव्हती. पण वस्ती आपल्या पायावर उभी होती.

मग व्यवस्थेने काय केलं बघा. क्रमाने बघा, कारण क्रमातच सगळी हरामखोरी आहे.

१९३७ साली सरकारच्या गृहकर्ज मंडळाने शहराचा नकाशा रंगवला. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका. काळ्या माणसांची वेस्ट ओकलंड लाल. लाल वस्तीत घराला कर्ज मिळणं मुश्किल. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणून घरं पडकी. आणि वीस वर्षांनी तेच सरकार नाकाला रुमाल लावून आलं आणि म्हणालं, शी, ही वस्ती सडलेली आहे, हिच्यातून रस्ता नेऊ. आधी उपाशी ठेवायचं, मग बारीक झाला म्हणून मारायचं.

१९५६ साली अमेरिकेने महामार्गांचा मोठा कायदा केला. ४१,००० मैलांचं जाळं, खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारवर. शहरांना जणू फुकटातला बुलडोझर मिळाला. १९५७ साली वेस्ट ओकलंडच्या मधोमध सायप्रस फ्रीवे उघडला. दोन मजली, काँक्रीटचा. या बाजूची बाई त्या बाजूच्या देवळात जाताना गाड्यांच्या खालून जायची. १९६० साली टपाल खात्याच्या इमारतीसाठी घरं पाडायची होती, तेव्हा महायुद्धातला रणगाडा आणला. खरोखरचा रणगाडा. राहत्या माणसांच्या वस्तीवर. मग सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून लोकल रेल्वेचा पूल गेला आणि गाणं मेलं. मग पूर्वेच्या अंगाला आणखी एक महामार्ग, ९८० नंबरचा. त्यात पाचशेच्या वर घरं गेली. तो १९८५ साली पुरा झाला, आणि वस्ती शहरापासून तुटली.

हे एका गावाचं नाही. सेंट पॉलमध्ये रोंडो, मायामीत ओव्हरटाउन, डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम, अशा काळ्या वस्त्यांची नावं आज रस्त्याखाली पुरलेली आहेत. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचाच आकडा आहे की १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत महामार्गांनी पावणेपाच लाखांवर कुटुंबं उठवली. दहा लाखांवर माणसं. त्यात काळी आणि गरीब किती, ते सांगायला ज्योतिषी नको.

कुणी म्हणेल, रस्ता कुठून तरी जाणारच. गोऱ्यांचंही गेलं असेल. मग न्यू ऑर्लिन्सचा हिशेब ऐका. एकाच शहरात दोन महामार्ग ठरले. एक जुन्या फ्रेंच वस्तीच्या नदीकाठाने, जिथे सुंदर इमारती, पैसेवाले, इतिहासाचे प्रेमी. दुसरा क्लेबोर्न अॅव्हेन्यूवरून, जिथे काळ्यांची दुकानं आणि मधोमध ओकच्या झाडांच्या रांगा, त्यांच्या सावलीत सणावाराला मिरवणुका. १९६६ साली क्लेबोर्नची झाडं तोडली आणि महामार्ग डोक्यावर आला. फ्रेंच वस्तीतला रस्ता मात्र १९६९ साली रद्द झाला. म्हणजे रस्ता रद्द होऊ शकतो! रस्ता म्हणजे पूर नाही, भूकंप नाही. ती सही आहे. सही करणारा माणूस माणूस बघून हात आवरतो.

ओकलंडमध्येच बघा. शहरातून दोन महामार्ग समांतर जातात. ५८० टेकडीच्या अंगाने, बऱ्या वस्त्यांतून. ८८० खालून, बंदराच्या आणि काळ्या, तपकिरी गरिबांच्या बाजूने. ५८० वर साठच्या दशकापासून साडेचार टनांवरच्या ट्रकांना बंदी आहे. मग बंदरातला माल जातो कुठून? ८८० वरून. टेकडीवरच्या माणसाला माल पाहिजे, मालाचा धूर नको. या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आलं.

१७ ऑक्टोबर १९८९. संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटं. भूकंप झाला आणि सायप्रसचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. ४२ माणसं मेली. पोलीस आणि बंब पोचण्याआधी शिड्या, दोर, हातात येईल ते घेऊन वर चढले कोण? वेस्ट ओकलंडची माणसं. ज्यांच्या छातीवर तो पूल बत्तीस वर्षं उभा होता, तीच माणसं त्याच्यावरून जाणाऱ्यांना चेपलेल्या गाड्यांतून ओढत होती. सवर्णाच्या घरी मयत झाली की लाकडं फोडायला, सांगावा घेऊन जायला आपला बाप जायचा, ते आठवलं मला.

आणि राज्याचं रस्ते खातं काय म्हणालं? पूल पुन्हा तिथेच बांधू.

इथे वस्ती उठली. बायका, चर्चमधले लोक, म्हातारे पोर्टर, तरुण पोरं. म्हणाले, एकदा बांधलात तेव्हा विचारलं नाही, आता आमच्या प्रेतावरून बांधा. बैठका घेतल्या, मोर्चे काढले. दुसरे मार्ग दाखवा म्हणाले, आणि नवा मार्ग निघाल्यावरही तो घरांच्या फार जवळ येतो म्हणून काही जण कोर्टात गेले. शेवटी रस्ता हलला. वस्तीच्या मधून काढून पश्चिमेला रेल्वे यार्ड आणि बंदराच्या कडेने नेला. १९९७ साली तो उघडला. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. म्हणजे पैसा होता, जागा होती, इंजिनिअर होते. १९५७ साली नव्हती ती फक्त गरज, आम्हाला विचारायची.

जिथे सायप्रस उभा होता तिथे आज झाडांचा साधा रस्ता आहे. त्याचं नाव मंडेला पार्कवे. का मंडेला, ते गोदीवाल्याने सांगायलाच पाहिजे. १९८४ साली खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर दक्षिण आफ्रिकेचा माल घेऊन जहाज लागलं, तेव्हा गोदी कामगारांनी अकरा दिवस त्या मालाला हात लावला नाही. १९९० साली मंडेला ओकलंडला आले तेव्हा त्यांनी त्या कामगारांचे आभार मानले. आणि त्याच पार्कवेवर २०२१ साली ह्यूई न्यूटनचा पुतळा बसला. पूल पडण्याआधी दोनच महिने, १९८९ च्या ऑगस्टमध्ये, याच वेस्ट ओकलंडच्या रस्त्यावर ह्यूईचा खून झाला होता.

पण टाळ्या वाजवू नका. गोष्ट गोड नाही. नवा रस्ताही वेस्ट ओकलंडच्याच कडेला आहे. बंदराचे ट्रक तिथेच, पोरांचा दमा तिथेच. वस्ती सुंदर झाली तशी भाडी चढली, आणि लढलेली कितीतरी काळी कुटुंबं तिथे टिकली नाहीत. रस्ता हलवलात, पण घराचं भाडं आपल्या हातात ठेवलं नाही, तर मालक मागच्या दाराने येतो.

कायद्याचंही ऐका, कारण आपल्यात कायद्यावर फार भोळी श्रद्धा आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा म्हणतो की सरकारी पैशात वंशभेद चालणार नाही. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी आदेश काढला: काळ्यांवर आणि गरिबांवर प्रदूषणाचा जादा बोजा पडतो का, हे प्रत्येक केंद्रीय खात्याने तपासावं. छान. पण २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या १९६४ च्या कायद्याखाली नुसता परिणाम दाखवून सामान्य माणसाला दावा लावता येणार नाही, हेतू दाखवा. अॅट्रॉसिटीची केस लढलेल्या कुणालाही विचारा, 'हेतू सिद्ध करा' म्हणजे काय असतं. साहेबाच्या पोटातला हेतू मी कुठून आणू? माझ्या पोराच्या छातीतला धूर पुरावा नाही का? आणि २०२५ च्या जानेवारीत ट्रम्पने क्लिंटनचा तो आदेशच एका सहीत पुसला. एकतीस वर्षं जे हक्क वाटत होतं ते कागद निघालं.

आता घरी या.

गोदीच्या शेजारी, पी. डिमेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवे निघतो आणि चेंबूरला उतरतो. २०१३ साली उघडला, जवळपास १७ किलोमीटर. वरून मोटारी सुसाट. दुचाकीला बंदी, अवजड गाडीला बंदी. ट्रक आणि ट्रेलर खालच्या रस्त्याने, शिवडी-वडाळ्याच्या झोपड्यांना चाटत. वर साहेबाची एसी गाडी, खाली आमचा डिझेलचा धूर, आणि मध्ये काँक्रीटचं छप्पर. आम्हाला टेकडीसुद्धा लागली नाही. एकाच जागेवर दोन मजले करून आम्ही ५८० आणि ८८० बांधले. चातुर्वर्ण्याची सवय आहे ना, मजले आपल्याला लवकर जमतात.

आणि आता तोच फ्रीवे पुढे निघालाय. छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत, सुमारे १३ किलोमीटर, पूर्व द्रुतगती मार्गावरून. वाटेत कोण? घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. दोस्तांनो, ही जागा मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार, माणसं हायवेवर आली, गोळीबार झाला, दहा जीव गेले. सबब काय दिली, तर रस्त्यावरचा टँकर. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय नाही असं म्हटलं, पण मेलेले परत आले नाहीत. तोच हायवे. तीच वस्ती. आज फ्रीवेसाठी घरं जाणार, आणि महानगर प्राधिकरण झोपडपट्टी प्राधिकरणाबरोबर तिथे इमारती बांधणार.

इमारत मिळणार म्हणून जे खूश आहेत त्यांना मी नावं ठेवत नाही. गटारावर जन्म काढलेल्या माझ्या मावशीला पक्क्या भिंती पाहिजेत, घरातला संडास पाहिजे, आणि तो तिचा हक्क आहे. कुणी पुण्यवान पर्यावरणवादी येऊन तिला झोपडीतलं साधं जीवन शिकवणार असेल तर त्याला आधी तिथे महिनाभर ठेवा. माझा प्रश्न वेगळा आहे. इमारत कुणीकडे तोंड करून? खिडकी उघडली की समोर काय, आकाश की फ्रीवेचा कठडा? कितव्या मजल्यापर्यंत धूर? ही रेघ मारताना नगरातल्या किती माणसांसमोर किती पर्याय ठेवले? की रेघ आधी आणि बैठक नंतर, सही करायला?

शहाणे म्हणतील, हायवे आधी होता, तुम्ही कडेला का राहिलात? अरे, कडेला राहिलो कारण मध्ये राहू दिलं नाहीत! गावात वेशीबाहेर, शहरात रुळाच्या कडेला, नाल्याच्या काठी, हायवेच्या अंगाला. जिथे कुणाला नको तिथे आम्ही, आणि आम्ही राहून जमिनीला किंमत आली की उठा. उठून कुठे? पाइपलाइनीच्या कडेची माणसं माहुलला नेऊन टाकली, रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे असं हरित लवादाने २०१५ सालीच म्हटलेलं होतं. माणसं तरी पाठवली. २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे जायची सक्ती करता येणार नाही. मधल्या काळात जे खोकून मेले, त्यांचा हिशेब कुठल्या रकान्यात?

एक गोष्ट मात्र मनाला चटका लावून गेली. याच नव्या फ्रीवेच्या वाटेत घाटकोपर-विक्रोळीच्या कडेला गुलाबी फुलांची झाडं आहेत. फुलली की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. ती तुटणार म्हणून ओरड झाली आणि २०२५ साली प्राधिकरणाने खांबांचा आराखडा बदलून ती वाचवली. चांगलं केलं. झाडाशी माझं वैर नाही. पण मग मला सांगू नका की रेघ हलत नाही! झाडासाठी खांब सरकतो, माणसासाठी का सरकत नाही? फुलायला लागू का आम्ही पण गुलाबी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आपली चळवळ फार काळ भरपाईच्या रांगेत उभी राहिली. पात्र की अपात्र, कुठल्या सालचा पुरावा, तीनशे चौरस फूट की जास्त. ही रांग खोटी नाही, पोटाची आहे. पण रांग लागते तेव्हा रेघ मारून झालेली असते. आपल्याला पेन्सिलीपर्यंत जायचं आहे.

प्रत्येक रस्त्याचा नकाशा रेघ पक्की व्हायच्या आधी वस्तीच्या बुद्धविहारात मराठीतून लावा. एक मार्ग नको, तीन मार्ग दाखवा, आणि प्रत्येकात कुणाची घरं जातात ते जातीसकट, धर्मासकट लिहा. जात विचारायला लाजता, पाडायला लाजत नाही! रस्त्याआधी आणि रस्त्यानंतर वस्तीच्या खिडकीत हवा मोजा, आकडे चौकात लावा. ट्रकच्या धुराची वाटणी सगळ्या शहरात करा, पेडर रोडपासून सुरू करा. आणि रद्द हा शब्दही पर्यायांत ठेवा, कारण श्रीमंतांसाठी तो नेहमी ठेवलेला असतो.

हे कुणी देणार नाही. वेस्ट ओकलंडला पूल कोसळेपर्यंत थांबावं लागलं, ४२ माणसं मरावी लागली, तेव्हा सरकारचे कान उघडले. आपण आपली दहा माणसं १९९७ सालीच दिली आहेत. आणखी देणार नाही.

पुढची बैठक आपल्या गल्लीत घ्या. नकाशा मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात, माझ्याकडून घ्या. नकाशा वाचता येत नसेल तर वाचायला शिका. मॅट्रिक झालेल्या हमालाला जमलं, तुम्हाला जमेल.

जय भीम.